लग्न पाखडणारे काका

देवानं सगळ्यांना डोळे दिले ते बघण्यासाठी. आमच्या उत्रोलीच्या काकांना मात्र ते वगळण्यासाठी दिले असावेत. हे माझ्या मधल्या मावशीचे यजमान. तसे भातशेती करणारे गृहस्थ, पण वेल्ह्यापासून भोंगवलीपर्यंत ज्या ज्या घरात लग्न झालं आहे, तिथं त्यांची ओळख वेगळीच आहे. हल्ली लग्नाचं शूटिंग हळदीपासून पाठवणीपर्यंत अखंड चालतं. त्याची जी अजस्र फाईल तयार होते ती पेनड्राइव्हमध्ये घालून कॅमेरेवाला मोकळा होतो. घरात ती कोणी बघत नाही; बघायला बसलेला माणूस अक्षतांपर्यंत पोचायच्या आत आडवा होतो. मग कोणीतरी तो पेनड्राइव्ह काकांकडे आणतं आणि म्हणतं, "काका, एवढं लगीन पाखडून द्या." पाखडणं हा शब्द काकांचाच. त्यांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा मागं राहिलेला कॉम्प्युटर भाताच्या पोत्यांशेजारी मांडलेला असतो. काका त्याच्यासमोर मांडी घालून बसतात आणि दिवसभराचं लग्न, हातातला चहा निवायच्या आत बघून होईल, एवढंसं करून देतात. आणि ते एवढंसं बघताना लोक हसतात, डोळे पुसतात, पुन्हा लावा म्हणतात. मला आजही त्याचा अचंबा वाटतो.

या कामात काकांचा नियम एकच. "जो कॅमेऱ्याकडं बगतोय त्यो फोलपट. जो त्याला इसरला, त्यो दाना." या नियमामुळं भल्याभल्यांची फोलपटं झालेली आहेत. माझ्या स्वतःच्या लग्नात मी नवरदेव असूनही एकदाच दिसतो, तोही खुर्चीत बसून नव्या बुटातून टाच सोडवून घेताना. मी तक्रार केली तर म्हणाले, "सबंद दिसात तू तेवढाच खरा वागलास." माझ्या बायकोला हे वाक्य इतकं पटलं की ती ते अजून वापरते. वेल्ह्याकडच्या एका पुढाऱ्यानं आपल्या वाढदिवसाचं शूटिंग आणून दिलं होतं. काकांनी भाषणं कापली, हार कापले, खुद्द पुढारीही बराचसा कापला आणि ठेवली त्याची म्हातारी आई, इकडंतिकडं बघत केकचा तुकडा पदराच्या टोकाला बांधताना. पुढारी भांडायला म्हणून आला. "आवो, म्या कुठाय ह्याच्यात?" असं म्हणत त्यानं ते पुन्हा एकदा बघितलं आणि आईला दाखवायला आणखी एक प्रत घेऊन गेला.

ही कात्री काका कॉम्प्युटर बंद करताना मिटून ठेवतील तर शपथ. समोरचा माणूस पाल्हाळ लावू लागला की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप उघडझाप करू लागतात. त्यांना ते कळतही नाही. आंबवड्याच्या देवळातल्या एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतली ती बोटं बघून प्रमुख पाहुण्यांचं भाषण मधल्यामध्ये आटोपलं होतं आणि त्या दिवशी अख्ख्या गावाला गरम जेवण मिळालं. फोनवर काका "बोला", "हं" आणि "या" एवढ्यावर भागवतात. मावशी मात्र बोलायला बसली की माहेरच्या म्हशीपासून सुरुवात करते. या दोघांचा संसार कसा झाला हे मला न सुटलेलं कोडं आहे. पण मावशी बोलत असली की काका तो हात मांडीखाली दाबून बसतात, हे मी नीट पाहून ठेवलं आहे.

तर अशा या माणसानं एकदा घरातच घात करून घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न झालं. मुलीचा मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, माझाही मामाच, भोंगवलीला असतो. आपल्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. त्याला स्टेजवर बोलावून, नाव पुकारून फेटा बांधला, नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. मामा ताठ उभा राहिला आणि त्यानं थेट कॅमेऱ्यात बघितलं. संपलं! पुढं भोंगवलीत सगळी भावकी टीव्हीसमोर जमवून मामानं मोठ्या हौसेनं लग्न लावलं. ते बघता बघता संपलं आणि त्यात मामा कुठंच नव्हता. "दाजींनी भर भावकीत माझा मान कापला," असं म्हणून त्यानं उत्रोलीचा रस्ता सोडला. त्या दिवाळीत मावशीनं भाऊबिजेचं ताट करून ठेवलं, निरांजनात दोनदा तूप घातलं, पण भाऊ आला नाही. मावशी त्या दिवशी काहीच बोलली नाही, आणि त्या घरात मावशी बोलत नाही म्हणजे काय होतं ते काकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा मी काकांना सुचवलं, स्टेजवरचा तुकडा परत जोडून टाका, मिटवा. काका म्हणाले, "जोडतो की. पन त्यात फेटाच दिसतोय रं, मामा कुठं दिसतोय?" आणि ते मूळ शूटिंग पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. काढलेलं फोलपट ते कधी टाकत नाहीत, पेनड्राइव्हमध्ये भरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. त्यात मांडवामागच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची एक फाईल होती. कॅमेऱ्यावरची पोरं जेवायला गेली आणि कॅमेरा चालूच राहिला, त्यात काही नाही, असं कॅमेरेवाल्यानं सांगितलं होतं आणि काकांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या शब्दावर न बघता फाईल बाजूला टाकली होती. ती त्यांनी आता लावली. मग मला हाक मारली.

भाऊबिजेच्या सकाळी काका माझ्या मोटारसायकलवर मागं बसून भोंगवलीला आले. मामानं "या" म्हटलं, एवढंच. मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पाठवणीच्या आधीची वेळ. मांडवामागं फुलांनी सजवलेली गाडी उभी आहे. फेटा बांधलेला मामा एकटाच येतो, दार उघडतो आणि खांद्यावरचा मानाचा कोरा टॉवेल काढून नवरी जिथं बसणार ती जागा पुसू लागतो. कोपरान् कोपरा पुसतो. मग त्याच टॉवेलात तोंड खुपसून उभा राहतो. काकांनी त्यातला क्षणही कापला नव्हता.

"दाजी, ह्ये कापा," मामा म्हणाला. "लोकं हसतील."

"न्हाई कापत," काका म्हणाले. "आदी बगितलं न्हाई, चुकलो म्या."

मामा उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि मला म्हणाला, "काढ गाडी. अक्का वाट बगत आसंल." त्या गडबडीत काकांना गाडीवर जागा उरली नाही. ते एसटीनं मागाहून आले, त्यामुळं ओवाळणं त्यांचं हुकलं.

मी ते मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं. निरांजन, मावशीचे पाणावलेले डोळे, मामाचा वाकून नमस्कार, सगळं. मोठ्या अभिमानानं ते मी काकांना पाखडायला दिलं. परत मिळालं तेव्हा त्यात ओवाळणं नव्हतंच. रेकॉर्डिंग बंद न करताच मी मोबाईल खिशात टाकला होता. काकांनी तेवढा अंधार ठेवला होता. त्या अंधारात ताटं मांडल्याचा आवाज येतो, आणि मग मावशी विचारते, "येवढं दिस का रं आला न्हाईस?"

त्यावर मामा म्हणाला होता, "कामं व्हती गं." मला पक्कं आठवतं. ते काकांनी कापलं आहे. प्रश्नानंतर भांड्यात डाव फिरल्याचा आवाज येतो आणि मावशी म्हणते, "भात वाढू का आजून?"

दर दिवाळीला आम्ही ते लावतो. यात काहीच दिसत नाही म्हणून पोरं कुरकुरतात. मावशी मात्र ऐकताना डोळे मिटून घेते, आणि काका आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहतात.