नानांचे चौदा तास

आमच्या पिंप्राळ्यातली सुलक्षणा नेमकं काय काम करते, हे कॉलनीत कोणालाच धड सांगता येत नाही. शेजारच्या मंदाबाईंच्या मते ती कॉम्प्युटर विकते. तिची सासू म्हणते, "कारखान्यांत जाऊन प्रश्न विचारते, आणि त्याचा पगार मिळतो." सासू बरोबर आहे. मी तीस वर्षं शाळेत प्रश्न विचारले, पण इतकी चिवट बाई पाहिली नाही. धंद्याचं सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे आधी तिथलं काम कसं चालतं ते खोदून खोदून विचारायचं, मग ते कॉम्प्युटरला कळेल असं मांडायचं, आणि शेवटी तिथल्याच माणसांना ते वापरायला शिकवायचं. शिकवणं सगळ्यात अवघड, असं ती म्हणते. मला विचाराल तर विचारणं.

धुळ्यातल्या अभयकुमारशेठच्या डाळमिलचंच घ्या. तिथे साल सुटावी म्हणून तुरीला तेलपाणी लावून किती तास मुरू द्यायचं, हे मिलमधले जुने कामगार नथ्थूनाना ठरवायचे. दाणा दाताखाली धरायचा, आवाज ऐकायचा आणि हुकूम सोडायचा. तास चुकले की डाळीची चुरी. शेठचा मुलगा अखिल, त्याला हे सगळं कॉम्प्युटरात हवं होतं. "एकदा चालू झालं की नानांना घरी बसवू," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि तेही नाना चहाचा ग्लास घेऊन मागे उभे असताना. असल्या हुशार पोरांना कोणीतरी वेळकाळ शिकवायला हवा.

मग काय, नाना ताकास तूर लागू देईनात. सुलक्षणाने त्यांना ऑफिसात खुर्ची दिली, फॉर्म काढला. जामनेरची तूर किती तास? "चौदा." शिरपूरची? "चौदा." पावसात भिजलेली? "बठ्ठी चौदा, ताई." हिने सगळीकडे चौदा भरलं. एवढी चौकस बाई, तिला शंका येऊ नये? आली होती, पण काम सुरू करायची तारीख डोक्यावर होती, असं नंतर मान खाली घालून सांगत होती.

चाचणीच्या दिवशी अखिलने नानांना मुद्दाम सुट्टी दिली. कॉम्प्युटरने चौदा सांगितले, हमालांनी माल चौदा तास ठेवला, आणि मशीनमधून निघाली चुरी. पोतीच्या पोती. अखिल कडाडला, "आकडे कोणी दिले?"

नानांनी आपल्याला फसवलं, हे सुलक्षणाला तेव्हाच कळलं. एक नाव घेतलं असतं तर ती सुटली असती आणि नाना कायमचे घरी बसले असते. ती म्हणाली, "चूक माझी. मालाची माहिती मी ऑफिसात बसून घेतली." अखिलने तिच्यासमोर तिच्या कंपनीला फोन लावून तिचा उद्धार केला. तिने ऐकून घेतलं आणि एक आठवडा मागून घेतला. मला हे सांगितलं तेव्हा तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पुन्हा हजर. फॉर्म नाही, खुर्ची नाही, थेट गोदामात. नानांना कालचं सगळं हमालांकडून कळलं होतं. त्यांनी मूठभर तूर पुढे केली. "चाव." ती चावली. दुसऱ्या पोत्यातली काढली. "आते हाई चाव." आठवडाभर ती दाणे चावत फिरली. कळलं ते एवढंच, की तास कुठल्या गावावर ठरत नाहीत, रोजच्या दाण्यावर ठरतात. मग तिने तासांचा रकाना रिकामाच ठेवला. नानांनी दाणा चावून आकडा सांगितल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकणारच नाही.

पुढचा माल झकास निघाला. शेठनी त्या रकान्यावर बोट ठेवून मुलाला विचारलं, "नाना घरी गेले तर हा तू भरशील? घे, चावून सांग." अखिलने चावून पाहिलं आणि नानांना हाक मारली.

निघताना नाना तिला फाटकापर्यंत सोडायला आले. सुलक्षणाचं माहेर साक्रीकडचं, त्यामुळे दोघं अहिराणीतच बोलत.

"पोरी, ते चौदा मी मुद्दाम खोटं सांगेल व्हतं."

"माले माहीत व्हतं, नाना."

"मंग मालकले का नही सांगं?"

"मी तर तुमनं काम काढी लेवाले येल व्हतू," ती म्हणाली. "मंग माले खरं कसाले सांगतात तुम्ही?"