गिऱ्हाईकाचे शब्द

मूर्तिजापुरात माझ्या दुकानाला लागूनच एका मित्राचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. शिवाय तो कपाशीवर ब्लॉग लिहितो. गिऱ्हाईक आलं, की थकल्या आवाजात विचारतो, "मोबाइलवर काय लिहून पाह्यलं, भाऊ?" गिऱ्हाईक जे सांगेल, तोच त्याच्या लेखाचा मथळा. ‘कीड व्यवस्थापन’ नाही, तर ‘बोंडं सडून राहिली, काय करू’.

"माणूस ज्या शब्दानं शोधते, त्याच शब्दानं त्याले आपण सापडलो पायजे," तो म्हणतो.

गेल्या महिन्यात मी त्याचा नवा लेख उघडला. मथळा होता, ‘आता जगून काय करू’. खाली त्याचा नंबर आणि एकच ओळ: ‘आधी मले फोन कर.’

हल्ली चहा पिताना त्याचा फोन वाजला, की मीच आधी त्याच्या हातातला कप घेतो.