फणसाची दारे, आंब्याचा सांगाडा

तुळसा आग्रेच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती, आणि त्यांत तिचा नवरा घरी राहिला असेल जेमतेम अडीच वर्षे. गंगाराम मुंबईत एका कचेरीत शिपाई होता. गणपतीला आणि शिमग्याला गुहागरकडच्या आपल्या वाडीत येई. एरवी शेत, गुरे, सासरा आणि चूल तुळसाच्या अंगावर. निर्णय मात्र पत्राने येत.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात असेच पत्र आले. स्वयंपाकघरातल्या दोन्ही कपाटांच्या दारांना सनमायका मारून घ्यावा. साहेबांकडे पाहिला, फार शोभतो. सोबत एस.टी.ने सनमायकाचे तक्तेही आले.

तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीत बसवलेली ती कपाटे सासऱ्याने, आप्पाने, करवून घेतली होती. दारे दिसतात म्हणून त्यांना फणसाचे लाकूड. आतला सांगाडा दिसत नाही म्हणून तो आंब्याच्या फळ्यांचा. फणस टिकला, आंब्याला वाळवी लागली. गेल्या पावसात दोन पायली कुळीथ आणि वर्षाचे पापड त्या कपाटांत नासले. सांगाडे नवे करून हीच दारे लावली तर तिच्या हयातीची चिंता मिटणार होती.

तिने धाकू सुताराला मागली फळी दाखवली. त्याने बोट टेकले, तर ते आरपार गेले.

"खरं हाय वैनी. कपाट मेलंय."

"मग मेलेल्याला पावडर कशाला फासताव, भावजी?"

धाकू हसला, पण हत्यारांच्या पिशवीला हात लावीना. "धन्यानं दारं लिवलीत. मी सांगाडा उपटला नि उद्या तो माझ्यावर उखडला तर?"

"तो मुंबैत. पावसात बुरशी मी पुसतंय."

पडवीतून आप्पा ओरडला, "बाईमाणसाच्या सांगण्यावरनं घर मोडू नको रे धाकू!"

तुळसाने शेजारच्या गोदाकडून गंगारामला सविस्तर पत्र लिहवले. उत्तर आले: दारांचे काम कुठवर आले? सांगाड्याविषयी अक्षर नाही. तिला वाळवीचा एवढा राग आला नव्हता; वाळवीने निदान कपाट आतून पाहिले होते.

सनमायका बसला. तुळसाने कपाटांत काही ठेवले नाही. कुळीथ, मीठ, मिरची, सुके बोंबील, सारे डब्या-बरण्यांत भरून तिने आप्पाच्या खाटेखाली सारले. घरात दुसरी कोरडी जागा नव्हती, हेही खरेच.

गणपतीला गंगाराम आला. पाहुण्यांसमोर त्याने चकचकीत दार उघडले. आत रिकामे खण.

"सामान कुठाय?" पाहुणे गेल्यावर त्याने दबक्या आवाजात विचारले.

"आप्पांच्या खाटेखाली. कपाटाची पाठ सडल्येय, लिवलं होतं ना?"

"शिमग्याला बघू," म्हणून त्याने दार लावले आणि गौरीविसर्जनानंतर तो एस.टी.त बसला.

शिमग्यापर्यंत थांबणे आप्पाला जमले नाही. बोंबलांचा वास त्याच्या गोधडीत मुरला. पहाटे डबे खडखडत, मुंग्या अंगावर चढत. दसऱ्याच्या आधी तो गरजला, "धाकूला बोलवा! सांगाडे बदलायचे. माणसानं झोपायचं तरी कुठं?"

आता धाकूला कोणाचेच पत्र लागले नाही. तो दुसऱ्याच दिवशी आला, आणि आप्पाने वेळीच ओळखले म्हणून वाडीत त्याचे कौतुकही झाले. तुळसाने दोन महिने जे सांगितले तेच आज होत होते. तिच्या सांगण्यावरून मात्र ते होत नव्हते. शेणाचा हात धुऊन ती आत आली तेव्हा धाकू फूटपट्टी घेऊन पडवीकडे तोंड करून उभा होता.

"आप्पा, खण केवढ्या उंचीचे करू?"

त्या कपाटात आप्पाने जन्मात एक वाटीही ठेवली नव्हती. "कर तुला वाटंल तसे," तो म्हणाला.

तुळसा पडवीत गेली, खाटेखाली वाकली, आणि सर्वांत उंच बरणी उचलून आणून तिने ती धाकूच्या पुढ्यात आदळली.