अक्काजवळ बसलो नाही

मला काय दुखतं ते बायकोला माहीत आहे, धुळ्याच्या डॉक्टरांना माहीत आहे. पण त्या दुखण्यापायी मी अक्काशी, माझ्या मोठ्या बहिणीशी, जे वागलो — ते आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आधी दुखणं सांगतो. गुदद्वाराशी चीर आहे. डॉक्टर फिशर म्हणतात. बरी होते, पुन्हा उकलते. पन्नाशीतल्या माणसाला सकाळी संडासात जायची भीती वाटते, हे त्यानं कुणाला सांगावं? बाहेर आलो की भिंत धरून उभा राहतो. मग कोमट पाण्याचा टब, मग मलम, मग अमळनेरच्या ऑफिसात खुर्चीवर एका बाजूला भार देऊन दिवस काढायचा. झोपताना इसबगोल. उद्या परत तेच. कंटाळा येतो हो. दुखण्याचा येतो त्याहून लपवण्याचा जास्त येतो.

मग लपवायचं कशाला? — बरोबर विचारलंत. आमच्या ऑफिसात एक जुने साहेब होते. ते मधे भोक असलेली गोल गादी घेऊन यायचे. त्यांचं ‘गादीवाले’ हे नाव मीच पाडलं होतं. ते उठून गेले की त्यांच्यासारखं चालून दाखवायचो, आणि सगळे पोट धरून हसायचे. आता माझ्यावर तीच पाळी आली, तर कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून डॉक्टरसुद्धा धुळ्याचा गाठला. तिथंही पाटीवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. समोरच्या टपरीवर चहा घेत थांबायचो, ओळखीचं कुणी नाही असं बघून झटकन आत शिरायचो.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही येत.

अक्का शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या नवऱ्याचं — दाजींचं — आणि माझं एकदा वाजलं होतं. वडिलांच्या जमिनीत अक्काचाही वाटा आहे, असं ते म्हणाले, आणि मी नको ते बोललो. एका भाऊबीजेला अक्का आली नाही. पुढच्या वर्षी दाजी स्वतःच तिला घेऊन आले, माझ्या ताटात भरीत वाढलं आणि म्हणाले, ‘सोड ना भो आते.’ म्हणजे, सोड आता. मिटलं. खरंच मिटलं होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

दाजी अचानक गेले. आदल्या दिवशीच ऑफिसात एकाच्या निरोपाची पार्टी होती, आणि मी झणझणीत शेवभाजी हाणली होती. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं ना! सकाळी जे व्हायचं ते झालं. तसाच पांढरा पायजमा-सदरा घालून बस धरली.

आमच्याकडे माणूस गेला की त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही. नातेवाईक पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. आणि जिचा नवरा गेला तिला पहिला घास माहेरच्या माणसानं भरवायचा, तिच्याशेजारी जमिनीवर बसून. आई-वडील कधीच गेलेले. अक्काचं माहेर म्हणजे मी एकटा.

स्मशानातून परतलो तेव्हा मागे ओलसर लागायला लागलं होतं. रक्त असणार. बाहेर भावकी, आत बाया, अंगावर पांढरा पायजमा. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. अक्का सतरंजीवर बसली होती. तिच्यापुढे भाकरी आली, तिनं मान वर केली, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, ‘भाऊ, बस ना रे. तू बसना म्हणजे मी दोन घास खासू.’

मी म्हणालो, ‘मन्ही गाडी चुकी जाई, अक्का.’

आणि पाठ न दाखवता, भिंतीकडेनं सरकत दारापर्यंत गेलो. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. अक्काचा हात त्या जागेवर तसाच होता. घास शेवटी शेजारणीनं भरवला, असं नंतर कळलं. अमळनेरपर्यंत बसमध्ये उभा राहून आलो. घरी पायजमा काढून पाहिला — हरभऱ्याच्या डाळीएवढा डाग होता. तेवढाच.

हा भित्रेपणा झाला. पण मी जे सांगायला आलो ते हेही नाही.

दहाव्याच्या आधी अक्काचा फोन आला. तिनं हळूच विचारलं, ‘भाऊ, दाजीसवरना राग आजून गया नही का रे तुना?’

नाही म्हणायला किती वेळ लागतो? अक्का, मला असं असं दुखतं, बसवत नव्हतं — एवढं एक वाक्य. ज्या बहिणीनं मला लहानपणी धुतलं-पुसलं, तिला सांगायची कसली लाज? पण तिनं कारण आयतं माझ्या हातात ठेवलं होतं, आणि ते मला माझ्या दुखण्यापेक्षा इभ्रतीचं वाटलं. मी म्हणालो, ‘जाऊ दे ना अक्का. जे व्हयनं ते व्हयनं.’

म्हणजे हो म्हणालो. मेलेल्या माणसाशी वैर धरल्याचं मी कबूल केलं, जे वैर नव्हतंच. आणि ती रडत म्हणाली, ‘त्यासनी चुकी व्हती भाऊ. मी माफी मांगस.’ मी ती माफी ऐकून घेतली. फोन ठेवला.

त्यानंतर अधूनमधून तिच्याकडे जातो. गेलो की मला चटकन बसता येत नाही, उगाच दारात रेंगाळतो. एका खेपेला मी असाच उभा होतो. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडे. स्टुलावर चढली, फोटो उतरवला आणि आत नेऊन ठेवला. परवा गेलो तर मी पोचायच्या आधीच भिंतीवर नुसता खिळा होता.

‘आते तरी बस भाऊ,’ ती म्हणाली.

मी बसलो. दुखत होतं, पण बसलो. तिनं वाढलं, मी जेवलो. हात धुवायला मोरीकडे गेलो तेव्हा आतल्या खोलीत दाजींचा फोटो दिसला. धान्याच्या कोठीमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. हार तसाच होता.

मी हात धुतले, आणि परत येऊन त्या खिळ्याखाली बसलो.