हुपरीकर पद्धत

वीणा हुपरीकर यांना बेंगळुरूत कुणी वीणाताई म्हणत नाही. जन्म मल्लेश्वरमचा, वडील विमानांच्या कारखान्यात, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच वीणाक्का. सरकारी प्रयोगशाळेत उष्णता मोजण्यात चौतीस वर्षं घालवली, आणि निवृत्त झाल्यावरही बाई स्वस्थ बसेनात. हुशार, पण जिभेला धार. कुणी मत मांडलं की पहिला प्रश्न, "मोजलंय का?" नसेल मोजलं तर विषय संपला.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी शहरातल्या एका शंभर वर्षं जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं काम हाती घेतलं. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळयांवर पेललेलं छत, आणि छताखाली ओळीनं चोवीस झरोके. एसीची थंड हवा त्या झरोक्यांतून पळून जायची, वीज नुसती उधळली जायची. वीणाक्कांनी झरोके बंद करून घेतले, भिंतींना बाहेरून ऊन परतवणारा जाड पांढरा रंग दिला, वर सोलर पॅनेल चढवले. विजेचा वापर निम्म्याच्या खाली आला. ग्रंथालय खात्यानं या सगळ्याला चक्क 'हुपरीकर पद्धत' असं नाव दिलं. आयुष्यभर आकड्यांशी संसार केलेल्या बाईला याहून वेगळं काय हवं असतं?

त्या बुधवारी दुपारी बारा वाजता वाचनालयाच्या अंगणात त्यांचा सत्कार होता. त्याच मांडवात खात्याचे आयुक्त आणखी अकरा जुन्या इमारतींना हीच पद्धत लावायच्या हुकमावर सही करणार होते.

वीणाक्का दहालाच पोचल्या. ग्रंथपाल हयवदन त्यांची वाट पाहत होते. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला तीन महिने उरलेले. खिडकीकडच्या टेबलांवर आठवडाभर लाकडाचा चुरा पडतोय, असं ते हळूच म्हणाले. वाळवी असेल, असं म्हणत वीणाक्का पदर खोचून शिडी चढल्या. अडुसष्टाव्या वर्षी, हो. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. जुनं सागवान ते, त्यानं दाद द्यायला नको होती. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

शिडी सरकवून त्यांनी दुसरी तुळई पाहिली, मग तिसरी. सहापैकी चार तुळयांची टोकं कुजली होती. वाळवी कुठंच नव्हती, नुसती ओल. ही ओल कुठून आली, हे कळणारं माणूस तिथं एकच होतं आणि ते शिडीवर उभं होतं. चुन्याची भिंत पावसात ओल धरते आणि वाऱ्यानं वाळते. वीणाक्कांनी तिला बाहेरून रंगाचा रेनकोट चढवला आणि आतून वारा तोडला. खाली रोज दोनशे माणसांचे श्वास, वर गार छत. मग ओल जाणार कुठं? ती तुळयांत शिरली. बाईंनी आठ वर्षं वीज मोजली. भिंतीतली ओल एकदाही मोजली नाही.

त्याच तुळयांखाली साठेक मुलं सरकारी परीक्षांची पुस्तकं उघडून बसली होती. शिडीवरून त्यांच्या वाकलेल्या माना दिसत होत्या. वीणाक्का भराभर खाली उतरल्या. गडबड न करता सगळ्यांना आत्ता बाहेर काढा, असं त्यांनी हयवदनना सांगितलं. ते "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणत एकेका टेबलाशी गेले. मुलं कुरकुरत इतक्या सावकाश उठली की बघणाऱ्याचा जीव जावा. एक मुलगी विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला परत आत आली, तेव्हा मात्र वीणाक्का किंचाळल्याच.

तेवढ्यात अभिराज आला. सल्लागार कंपनीचा आर्किटेक्ट, मूळचा पुण्याचा, कोरमंगल्याहून ट्रॅफिकमधून वाट काढत आलेला. अकरा इमारतींचं काम त्याच्याच कंपनीकडे जायचं होतं. त्यानं वर पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ पुसलं. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता.

"मॅम, हॉल बंद ठेवू, ते मस्टच आहे," तो म्हणाला. "पण आज काही बोलू नका. पुढच्या आठवड्यात मेंटेनन्समधली चूक म्हणून रिपोर्ट देऊ. पद्धतीशी कुणी लिंक करणार नाही."

खरंच कुणी केलं नसतं. पण देखभालीतली चूक म्हणजे कुणाची? देखभालीच्या रजिस्टरवर सह्या हयवदन यांच्या. चौकशी लागली असती, पेन्शन अडकलं असतं. हयवदन तिथंच उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं.

पावणेबाराला वीणाक्का अंगणात पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मोह झाला हो, खोटं कशाला सांगू? आज शाल घ्यावी, बाकीचं उद्या बघू, असं त्यांच्याही मनात आलंच. हयवदन मांडवाच्या खांबाशी हात बांधून उभे होते. कार्यक्रम सुरू झाला, आयुक्तांनी हुकूम पुढ्यात घेऊन पेनाचं टोपण काढलं, तशा वीणाक्का उठल्या आणि त्यांनी निवेदिकेच्या हातातला माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"सही करू नका," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आतल्या चार तुळया कुजल्यात. त्या माझ्या पद्धतीनं कुजल्यात. ग्रंथपालांचा यात काहीही दोष नाही, हे लिहून घ्या."

आयुक्तांनी कागद फाइलमध्ये घातला आणि ते उठून गेले. अभिराज फोन कानाला लावून फाटकाबाहेर पडला. शाल तबकातच राहिली, आणि कुणीतरी खुर्च्या उचलायलाही लागलं.

हयवदन जवळ आले. वीणाक्कांना वाटलं, आता हे आभार मानणार. 'अहो, त्यात काय' हे शब्द त्यांच्या ओठांवर तयारच होते.

"काम संपल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी तुमच्या घरी आलो होतो, अक्का," हयवदन शांतपणे म्हणाले. "भिंत वाळत नाहीये, एवढंच सांगायला. तुम्ही मला दारातूनच परत पाठवलंत."

वीणाक्कांनी खूप आठवून पाहिलं. तो पावसाळा आठवला, त्या वर्षीचा विजेचा आकडासुद्धा आठवला. दारात उभे असलेले हयवदन काही केल्या आठवेनात.