दुष्काळात जाड असणं

दुष्काळात माणसानं वाळलेलं असावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मला ती पुरी करता आली नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मिरजगावच्या बाजूला विहिरींचे तळ उघडे पडले, गुरं छावणीला गेली, गावातल्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागल्या. त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. आणि मी मात्र घराच्या दारातून अंग तिरपं करून आत-बाहेर करत होते.

खाऊन खाऊन अशी झाले असते तर निदान खाल्ल्याचं सुख तरी पदरात पडलं असतं. माझं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं आणि त्यानंतर अंग जे सुटायला लागलं ते सुटतच गेलं. पुन्हा दिवस राहिले नाहीत. सव्विसाव्या वर्षी मला चुलीपुढून उठायला भिंतीचा आधार लागायचा. चार पावलं चालले की दम लागायचा. रात्री आडवं झालं की छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं, म्हणून मी बसूनच झोपायचे. आमचे हे शाळेत मास्तर होते, पगार यायचा. आम्ही उपाशी नव्हतो, खोटं कशाला बोलू? रेशनवरची ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्हीही खात होतो, पण पोटभर खात होतो. त्या साली पोटभर म्हणायचीसुद्धा लाज वाटायची.

दम फारच लागायला लागला तेव्हा ह्यांनी मला नगरला डॉक्टरांकडं नेलं. मी वजनाच्या काट्यावर उभी राहिले तर काटा शेवटाला जाऊन अडकला. डॉक्टर म्हणाले, "बाजारात एखाद्या भुसार दुकानाच्या काट्यावर वजन करून या."

मी म्हटलं, "बारदानाचं वजन वजा करायला सांगू का?"

ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी ह्यांना पडद्यापलीकडं नेलं आणि सांगितलं, की हृदयाला हा भार झेपत नाही, असंच चाललं तर चार-पाच वर्षं, फार तर. पुण्याला एक सर्जन विलायतेहून शिकून आलेत, ते आतड्याचं ऑपरेशन करून माणूस बारीक करतात, आता तेवढाच उपाय आहे. पडदा कापडाचा होता, मला सगळं ऐकू आलं. धडधाकट पोट फाडून घ्यायला मी काय वेडी होते?

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणानं. कुणीतरी तालुक्याला कळवलं, की मास्तरानं घरात धान्य दडवलंय. पुरावा काय, तर त्याच्या बायकोकडं बघा. एके दिवशी दोन माणसं आणि तलाठी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी कणग्या वाजवून पाहिल्या, अंथरुणं उलटीपालटी केली, चुलीमागं काठी घालून ढोसलं. निघालं काय, तर अर्धं पोतं मिलो आणि डबाभर ज्वारी. दारात सगळी आळी गोळा झालेली. दोघांतला तरणा होता तो जाता जाता माझ्याकडं वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "मग हे कुठून आलं?"

मी म्हटलं, "मलाही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर येऊन सांगा."

लोक हसले. माझी जीभ तशी कधी कमी पडली नाही. पण आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. माझं बाळ गेलं तेव्हा ह्याच बाया माझ्याजवळ बसून होत्या, आणि आज त्याच दारात उभ्या राहून माझ्या घरातले डबे मोजत होत्या. मला त्यांचा राग धरता येईना, हे तर आणखी वाईट. त्यांची पोरं भुकेली होती.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. अंगानं काटकुळ्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "रडून कमी हुत असतीस तर कवाच चिपाड झाली असतीस. ऊठ, भाकरी टाक."

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी म्हटलं, "पुण्याला चला. कापायचं असेल तर कापू द्या."

पुण्याचे सर्जन भले गृहस्थ होते. आमच्यासारख्यांनाही त्यांनी खुर्ची दिली. कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं, की आतडं लांबलचक असतं, त्यातला थोडा भाग चालू ठेवायचा आणि बाकीचा बाजूला टाकायचा. म्हणाले, "मग पथ्य नाही. हवं ते खा. अंगी लागायच्या आत बाहेर पडेल."

रस्त्याच्या कामावर बायांना खायला सुकडी मिळायची. ती त्या स्वतःच्या तोंडात न घालता पदराच्या टोकाला बांधून पोरांसाठी घरी न्यायच्या. आणि इथं हा देवमाणूस मला खाल्लेलं वाया घालवायची सोय करून द्यायला निघाला होता. मला त्याचा संताप आला. आणि तरी मला ते हवं होतं. मला धाप न लागता चालायचं होतं, आडवं होऊन झोपायचं होतं, म्हातारी व्हायचं होतं.

"धोका आहे," सर्जन म्हणाले, "अशी ऑपरेशनं माझ्या हातून मोजकीच झाली आहेत. पण तुमच्या बाबतीत न करण्यातही धोका आहे. आणि करायचं तर पावसाळ्याच्या आत ठरवा, मी पुन्हा विलायतेला जाणार आहे. इथं दुसरं कुणी हे करेल असं वाटत नाही."

ह्यांनी विचारलं, "नंतर काही त्रास?"

"दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावं लागेल. निदान पहिली काही वर्षं. काहींना कायमचं. आणि पाणी भरपूर प्यायचं, त्यात हयगय नको."

भरपूर पाणी म्हटल्यावर हे नुसतेच टेबलाकडं बघत राहिले.

त्यांचीच एक पेशंट बाई तिथं वॉर्डात होती. एका वर्षापूर्वी तिचं हेच ऑपरेशन झालेलं. अशक्तपणा आला म्हणून पुन्हा भरती झाली होती, हाताला सलाइन होतं. सर्जननी मला मुद्दाम तिच्याकडं पाठवलं, म्हणजे मला धीर येईल. ती खरंच बारीक झाली होती. दंडाची कातडी मात्र पिशवीसारखी लोंबत होती आणि केस विरळ झाले होते. परिचारिका लांब गेल्यावर ती हळूच म्हणाली, "घरात दोन संडास आहेत, चोवीस तास नळ आहे, म्हणून निभावतंय. वर्ष झालं, मी कुणाच्या लग्नाला गेले नाही. तुमच्याकडे सोय आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

काय सांगणार होते तिला?

परतीच्या वाटेवर सुप्याला एस.टी. थांबली. बाया उतरून रस्त्यापासून थोड्या लांब गेल्या, मीही गेले. पण त्या साली आडोसा म्हणून कुठं उरला नव्हता. पिकं नव्हतीच. बाभळी गुरांसाठी ओरबाडून नेलेल्या, निवडुंगसुद्धा काटे जाळून गुरांना घातलेला. नजर जाईल तिथवर उघडं रान. शेवटी दोघींनी एक लुगडं दोन टोकांना धरून पडद्यासारखं ताणलं आणि एकेक बाई त्याच्या मागं बसायला लागली. माझी पाळी आली तेव्हा त्या बिचाऱ्या हात दुखेपर्यंत ताणून उभ्या राहिल्या, आणि तरी मी दोन्ही बाजूंनी दिसत होते. एस.टी.च्या खिडक्यांतून माणसं बघत होती.

आमच्याकडं बाया उजाडायच्या आत जायच्या, नाहीतर दिवेलागण झाल्यावर. दिवसा पोटात कळ आली तर दात आवळून अंधाराची वाट बघायची, हीच रीत. त्या सर्जनना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि आम्हीही त्यांना सांगितलं नाही. एवढ्या शिकलेल्या माणसापुढं असलं काय बोलायचं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "दिवसातून दहा वेळा मी कुठं जाऊ, सांगा. ते लुगडं धरायला कुणाला ठेवणार आहात?"

रविवारी सकाळी हे टिकाव घेऊन घराच्या मागं गेले आणि खणायला लागले. खडू धरणारा हात तो, दुपारपर्यंत तळव्याला फोड आले. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "संडास बांधतोय."

दुष्काळात कुणी जमीन खणायला लागलं की गावाला एकच अर्थ माहीत. तिसऱ्या दिवशी शेजारचा एक जण पहार घेऊन आला. मग त्याचा भाऊ आला, मग आणखी चौघं-पाचजण. "मास्तर हीर खांदतोय. पाणाड्यानं जागा दावली असंल," असं गावभर झालं. पाणी शोधून देणारा पाणाड्या आमच्या दारावरून गेलासुद्धा नव्हता. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी आमच्या मागल्या अंगाला फुकट राबायला लागली. ह्यांच्या तोंडून खरं निघेना. आत्याबाई मला दटावत होत्या, "गप ऱ्हा. खांदत्यात तर खांदू दे."

मला ते बघवेना. त्यांच्या तोंडावर आशा होती, आणि ती माझ्या परसाकडच्या खड्ड्यावर बसली होती. मी काठाशी गेले आणि सांगून टाकलं, "ही विहीर नाही. संडासचा खड्डा आहे. माझ्यासाठी. माझं ऑपरेशन व्हायचंय."

सगळे थांबले. कुणी हसलं नाही. एक म्हातारा माती उपसत होता, तो पाटी खाली ठेवून म्हणाला, "आसूं दे की. खड्ड्याला काय ठावं, कशापायी खांदलाय ते? लागलं तर पानीच लागंल." आणि ते पुन्हा खणायला लागले.

पाणी काही लागलं नाही. मुरूम संपला आणि काळा पाषाण आला, पहार मारली की नुसती ठिणगी उडायची. मग एक दिवस कुणी आलं नाही. खड्डा तेवढा तयार झाला, संडासाला हवा त्याच्या दुप्पट खोल. ह्यांनी वर टाकायला फरशी शोधायला सुरुवात केली. जागेची अडचण मिटली होती. राहिलं पाणी.

टँकर दिवसाआड यायचा आणि कोरड्या विहिरीत पाणी ओतून जायचा. तिथून शेंदून घरटी दोन-तीन हंडे मिळायचे. त्यात तीन माणसांचं पिणं, स्वयंपाक, सगळं. आठ-दहा वेळा जाणाऱ्या बाईला रोज निदान एक हंडा लागणार, आणि वर ते भरपूर पिणं. ह्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही. एका दुपारी आत्याबाई मिलो निवडत बसल्या होत्या. सुपातून नजर वर न करता म्हणाल्या, "माझ्या वाटचं पानी तू घी. म्हातारीला लागतंय किती? घसा वला झाला म्हंजी झालं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ओठ फुटून त्याच्यावर खपली धरलेली. मला तेव्हा कळलं, की त्यांनी आधीच कमी प्यायला सुरुवात केलीय, सवय व्हावी म्हणून. सात वर्षांत ह्या बाईनं मला एक गोड शब्द दिला नव्हता. तिचं पिण्याचं पाणी लोट्यात घेऊन मी मागल्या अंगाला जाणार होते. मग मी जगले असते, आणि प्रत्येक वेळी तो लोटा हातात घेताना मेले असते.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी पुण्याला जाणार नाही."

"पाऊस पडेल की."

"तोवर डॉक्टर गेलेले असतील."

"दुसरे बघू."

"दुसरे नाहीत, ते तुम्ही माझ्यासमोर ऐकलंय."

मग हे म्हणाले, "तू गेल्यावर मी काय करायचं?"

लग्न झाल्यापासून असलं काही ते बोलले नव्हते. मी म्हटलं, "जेवून घ्या." आणि ते जेवायला बसले.

पुढल्या साली पाऊस पडला. सर्जन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलेली चार-पाच वर्षं मी कशी ओलांडली ते मला ठाऊक नाही, आणि ओलांडली म्हणून आज हे सांगते आहे. पण ती वर्षं चालू असताना मी त्यातून तरेन, असं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे रोज पहाटे माझ्याआधी उठायचे, माझ्याजवळ येऊन वाकायचे आणि हाताची पाठ माझ्या नाकाशी धरायचे. हाताला श्वास लागला की मग चूळ भरायला जायचे. मी बहुतेक वेळा जागीच असायचे, पण डोळे उघडायचे नाही. थंडीच्या दिवसांत ते आधी आपला हात थोडा वेळ काखेत धरून ठेवायचे, गार हातानं माझी झोप मोडू नये म्हणून.