काळ्या वायरची पिन

डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात नांदेडहून भावाचा फोन आला.

"ताई, बाबांनी गाडी भिंतीवर घातली. आई मागं बसली होती. हात मोडलाय तिचा."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कंधार, उदगीर, इस्लापूरकडचे खड्ड्यांचे रस्ते, सगळ्यावर त्यांनी गाडी चालवली आणि उभ्या नोकरीत कुणाला साधं खरचटलं नाही. बॅटरीची स्कूटर तर त्यांनी बाजारहाट करायला घेतलेली. तिनं आईचा हात मोडावा?

मी लातूरला एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात कामाला आहे. सुट्टी टाकली आणि तशीच अहमदपूरमार्गे बसनं निघाले. घरी पोचले तर आई कॉटवर, हात प्लास्टरमध्ये. बाबा मागच्या दारात पाठ करून बसलेले. मी हाक मारली तर वळले नाहीत.

"स्कूटरच पळाली गं," आई म्हणाली. "गल्लीच्या वळणावर एकदम उधळली. ह्यांनी काहीच केलं न्हाई."

भावानं मला नजरेनंच खुणावलं, की ती सांभाळून घेऊन राहिली, ऐकू नको. बघायला येणारा प्रत्येकजण एकच बोलायचा: वय झालं, आता चावी काढून घ्या. शेवटी बाबा स्वतःच बोलले.

"माय, म्याच पिळलं. ब्रेक दाबायचा सोडून अ‍ॅक्सिलरेटर पिळला. मनगट कसं वळलं ते बी आठवतं मला."

त्यांनी मनगट वळवून दाखवलं. ज्या हातानं भरलेली बस घाटातून उतरवली तो हात मी बघत राहिले, आणि मलाही ते खरंच वाटलं. कुणाला वाटलं नसतं? माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा नांदेडला गेले. भाऊ स्कूटर विकायची म्हणत होता, म्हणून अंगणात डबल स्टँडवर लावून आम्ही ती पुसायला काढली. दिवा लागतो का बघायला मी चावी फिरवली, हँडल डावीकडं वळवलं आणि मागचं चाक भन्नकन फिरायला लागलं. स्कूटर स्टँडवर थरथरत होती.

"सोड की ते!" भाऊ ओरडला.

"मी धरलंच नाही," मी म्हणाले. माझे दोन्ही हात वर होते. एकात फडकं होतं.

आम्ही दोघं त्या चाकाकडं बघत राहिलो. चावी बंद करायची असते हेसुद्धा सुचेना. आतून आई विचारत होती, "काय झालं? काय झालं?" शेवटी भावानं झडप घालून चावी फिरवली.

भाऊ म्हणाला मेकॅनिकला बोलावतो. मी म्हटलं थांब. स्क्रू काढून समोरचं कव्हर उतरवलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या तीन वायरी एका पांढऱ्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या डबीत, शिरत होत्या. तसला कपलर माझ्या हाताखालून रोज जातो. वायरीच्या टोकाला एक बारीक पिन असते, पिनेला शिताएवढी जीभ. पिन प्लास्टिकच्या घरात ढकलली की ती जीभ आतल्या खाचेत अडकते आणि 'टिक' होतं. मग वायर हलकेच मागं ओढून बघायची. आली नाही, तर बसली. आमच्याकडं नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: ढकल, ऐक, ओढ.

बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. मी लाल वायर ओढली, नाही आली. हिरवी ओढली, नाही आली. काळी ओढली, आणि ती पिनेसकट माझ्या बोटांत आली.

जीभ दबून सपाट झाली होती. पावसाळ्यात स्कूटर दुरुस्तीला दिली होती, तेव्हा मेकॅनिकनं हे काढून परत घातलं असणार, पिन आत शिरली पण अडकली नाही, आणि कपलरचा दुसरा अर्धा भाग जोडताना मागं सरकली. नुसती टेकून होती. काळी वायर अर्थिंगची. ती सुटली की ह्या साध्या स्कूटरच्या मशीनला वाटतं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलाय. आणि ती सुटायची हँडल वळलं की. गल्लीच्या वळणावर.

भाऊ खाली बसला. "म्हणजे बाबांनी…" म्हणाला.

मी बाबांना बाहेर बोलावलं. येईनात. हाताला धरून आणलं. पिन होती तशी परत टेकवून ठेवली, चावी लावली, सगळ्यांना मागं सरकवलं आणि हँडल एका बोटानं वळवलं. चाक सुटलं. पिळायच्या मुठीला कुणाचा हात नव्हता.

बाबांचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. तो पांढरा पडला. मी चावी बंद केली, चाक थांबलं, तरी ते तिथंच बघत होते. मग पायरीवर बसले.

"पण मला आठवतं ना," ते म्हणाले. "मनगट वळलेलं आठवतं. मग ते काय हाय?"

आई दारात येऊन उभी होती, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. "पहिल्या दिवसापासून सांगून राहिले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही काहीच केलं न्हाई म्हणून."

बाबांनी तिच्याकडं असं बघितलं, की मी नजर वळवली. पंधरा-वीस जणांनी म्हटलं आणि माणसाच्या आत न घडलेली गोष्ट घडून बसली, ह्याचा धक्का मला त्या फिरत्या चाकापेक्षा मोठा होता. तीच गोष्ट मीही मान डोलावून ऐकली होती.

सुईच्या टोकानं जीभ उचलली, पिन ढकलली. टिक. ओढून पाहिली, घट्ट. भावानंही ओढली. मग बाबांनी, दोनदा. हँडल इकडून तिकडं पुष्कळ फिरवलं. चाक जागचं हललं नाही. ज्या मेकॅनिकनं पावसाळ्यात काम केलं होतं त्याला दाखवलं, तर तो बिचारा तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

स्कूटर विकली नाही. आईचं प्लास्टर निघालं, आणि पहिल्यांदा मागं बसली ती आईच. बाबा नको नको म्हणत होते. आता ते रोज भाजीला जातात. पण कुणी विषय काढला की अजूनही म्हणतात, "त्या दिवशी म्या पिळलं आणि…" मग मधेच थांबतात. आई नुसती त्यांच्याकडं बघते, आणि ते वाक्य पहिल्यापासून परत सुरू करतात, "त्या दिवशी स्कूटर पळाली आणि…"